आजीचा रिठा आणि मातीतले जिवाणू

माझी आजी रेशमी लुगडी धुवायला रिठा वापरायची. रात्री भिजवलेले रिठे सकाळी चोळले, की पाण्याला भरपूर फेस यायचा. झाडाने आपल्यासाठी साबण करून ठेवावा, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. पुढे वाचनात आले, की असा साबण मातीतले जिवाणूही करतात. तेव्हापासून मला एका जहाजाची गोष्ट आठवत राहते.

१८ मार्च १९६७ रोजी 'टोरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. जहाजात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल होते. तेल हटवण्यासाठी जवळजवळ १० हजार टन डिटर्जंट फवारण्यात आले. खडक वरवर स्वच्छ दिसू लागले, पण त्यांना चिकटून राहणारे शंखशिंपले मेले. ज्या खडकांवर फवारणीचा मारा जास्त झाला, त्यांना सावरायला दहा-पंधरा वर्षे लागली. गॉडरेव्ही येथे मात्र सील प्राण्यांच्या काळजीपोटी फवारणी टाळली होती. तो किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला, तो असा.

मग तिथले तेल गेले कुठे? काही लाटांनी नेले आणि काही जिवाणूंनी खाल्ले. तेल खाणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या सुमारे शंभर जातींची माहिती क्लॉड झोबेल या शास्त्रज्ञाने १९४६ मध्येच एकत्र केली होती. प्रश्न असा, की जिवाणू राहतो पाण्यात आणि तेल तर पाण्यात विरघळत नाही. मग घास घ्यायचा कसा? यावर मातीत सर्रास आढळणारा स्यूडोमोनास रॅम्नोलिपिड नावाचा पदार्थ तयार करतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, तर दुसरे तेलाला. तेलाच्या थराचे बारीक थेंब होतात आणि जिवाणूला ते पचवता येतात. शेवटी बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातो. हा साबण स्वतःही कुजून नाहीसा होतो.

आपल्या बंगालचे डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत याच कुळातला, अनेक प्रकारची तेलद्रव्ये पचवणारा जिवाणू घडवला. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याचे पेटंट मान्य केले. जगभर गाजावाजा झाला, पण तो जिवाणू समुद्रात कधी सोडला गेला नाही.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डिझ' जहाज फुटले आणि सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले. या वेळी किनाऱ्यांवर नत्र आणि स्फुरद असलेली खते टाकण्यात आली. तिथल्याच जिवाणूंना तेल भरपूर मिळत होते, कमतरता खताची होती. खत मिळताच तेल कुजण्याचा वेग वाढला. भारतातही 'टेरी' संस्थेने निवडक जिवाणूंचे 'ऑइलझॅपर' हे मिश्रण तयार केले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळून ते तेलकट मातीवर टाकतात.

पण मंडळी, हा जादूचा दिवा नव्हे. या जिवाणूंना प्राणवायू लागतो. अलास्कात गोट्यांखाली दबलेले तेल २००१ च्या पाहणीतही सापडले. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तेल खारफुटीपर्यंत पोचले. तिथल्या चिखलात खाली प्राणवायू पोचतच नाही. तिथे जिवाणू तरी काय करणार?

आजी म्हणायची, डाग काढता येतो म्हणून कोणी लुगड्यावर तेल सांडत नाही. मातीतले हे मुके धोबी आपले काम करतीलच. किती धुणे त्यांच्या पुढ्यात टाकायचे, हे मात्र आपल्या हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)