पहिल्या ५१२ बाइटांची गोष्ट

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी एकही सुरू होईना, की आपल्याला पहिली शंका येते ती हार्ड डिस्क बिघडल्याची. मग घाईने डिस्क पुसली जाते आणि तिच्यावरची सारी माहितीही जाते. वास्तविक बहुतेक वेळा बिघाड एवढा मोठा नसतो. तो कुठे असतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. अशा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरची वाटणी ठरलेली असे : ४४६ बाइट सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींसाठी आणि २ बाइट ओळखखुणेसाठी. संगणक चालू होताच बायॉस हा सेक्टर मेमरीत आणून त्यातल्या प्रोग्रॅमच्या हाती सूत्रे देई. जागा एकच, म्हणून जो शेवटी लिहील त्याचे राज्य. लिनक्सनंतर विंडोज ९५ बसवले, की लिनक्सचा हा प्रोग्रॅम पुसला जाई. लिनक्स मात्र आपल्या विभागात सुखरूप असे.

दुसरी अडचण पत्त्याची. जुने बायॉस सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी डिस्कवरची जागा शोधत असे. सिलिंडरच्या आकड्यासाठी १० बिट होते, म्हणजे २ चा दहावा घात, १०२४ सिलिंडर. मोठ्या डिस्कवर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, या मर्यादेपलीकडे पडला तर बायॉसला तो वाचता येत नसे. म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच कर्नलसाठी लहानसा विभाग राखून ठेवण्याची रीत पडली.

वर्नर आल्मेसबर्गर यांच्या ‘लिलो’ या प्रोग्रॅमने तर निदानाची सोयच केली. त्याच्या नावातली एल, आय, एल, ओ ही चार अक्षरे एकेका टप्प्यानंतर पडद्यावर उमटत. फक्त ‘एल’ दिसले, तर दुसरा टप्पा मेमरीत आणता आला नाही. ‘एल’ आणि ‘आय’ दिसले, तर तो आणला, पण चालवता आला नाही. गाडी कोणत्या स्थानकावर अडली, ते अक्षरेच सांगत.

आज यूईएफआय पद्धतीत प्रत्येक सिस्टीमचा सुरुवातीचा प्रोग्रॅम एका सामाईक विभागात स्वतंत्र फाइल म्हणून राहतो. तरी सुरू होण्याचा क्रम बदलला, की जुनी सिस्टीम नाहीशी झाल्यासारखी वाटते. अशा वेळी ‘डिस्क पुसावी का?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचलो?’ हा प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावू या.