लक्ष्मीबाईंचं पाचारण

आमच्या नगरच्या संडे स्कूलमध्ये तरुण मुलं विचारतात, "बाई, देवाने मला कशासाठी पाचारण केलंय ते कळणार कसं?" मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांकडे पाठवते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्याकडे मुद्दाम नाही. त्यांचं सगळंच वादळी: आगगाडीत भेटलेला परका प्रवासी, त्याने दिलेला नवा करार, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. शेवटी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत उभारणं! असं कितीजणांच्या वाट्याला येतं?

लक्ष्मीबाईंचं मात्र घरातच घडलं. नवरा ख्रिस्ती झाला, तेव्हा त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग जात देवाने केली की माणसांनी, याचा त्यांनी स्वतःच विचार केला आणि कुणाच्याही हातचं पाणी घ्यायला लागल्या. माझ्या मते खरं पाचारण तिथेच झालं. 1900 मधला बाप्तिस्मा ही पुढची पायरी.

त्यानंतरही कामं स्वयंपाकघराच्या वाटेनेच आली. परक्यांची पोरं वाढवणं, आजाऱ्यांची शुश्रूषा, नवरा 1919 मध्ये गेल्यावर त्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं करणं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं, तेही उतारवयात.

मुलांनो, प्रार्थना कराच. पण आधी ते पुस्तक वाचा.