जगाची यादी आणि आपला किल्ला

जुन्या वाचकांना होटगी जंक्शन आठवत असेल. विजापूर-गदगकडे जाणाऱ्या उतारूने येथे मोठी गाडी सोडावी आणि बोचके उचलून मीटर गेजची छोटी गाडी धरावी, असा रिवाज होता. रुळांची मापे निराळी; पण जंक्शन होते म्हणून प्रवास अडत नसे.

राष्ट्रांची मापेही निराळीच असतात. महायुद्धाने होरपळलेल्या राष्ट्रांनी १६ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडनला आपल्यासाठी असेच एक जंक्शन उभारण्याचे ठरवले. तीच युनेस्को. युद्धाचे बी माणसाच्या मनात रुजते, तेव्हा मशागतही तिथलीच करावी, हा तिचा विचार. भारत पहिल्यापासून सभासद आहे. १९५६ ची साधारण सभा तर दिल्लीतच भरली. येथे वर्गणी ऐपतीप्रमाणे, मत मात्र प्रत्येकाला एकच. भावकीतले रुसवेफुगवेही आहेतच! अमेरिकेने १९८४ अखेर सभासदत्व सोडले, २००३ मध्ये परत घेतले; २०१८ अखेर सोडले, २०२३ मध्ये पुन्हा घेतले आणि २०२५ मध्ये पुन्हा निघण्याची नोटीस दिली.

तरीही कामे झाली. आस्वानच्या धरणात इजिप्तमधील अबू सिंबेलची देवळे बुडणार होती. युनेस्कोने १९६० मध्ये हाक दिली, अनेक देशांनी पैसा दिला आणि १९६४ ते १९६८ या काळात ती देवळे कापून उंचावर पुन्हा उभी केली. त्या अनुभवातून १९७२ चा जागतिक वारशाचा करार आला. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. एकवीस राष्ट्रांची समिती दरवर्षी बसून यादीत भर घालते. १९८३ मध्ये अजिंठा-वेरूळ त्या यादीत गेले आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले : अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतली जिंजी.

ती बातमी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग आता किल्ले ते लोक सांभाळणार?"

नाही, बाळ. यादी म्हणजे पहारेकरी नव्हे. आपण जगाला दिलेला तो शब्द आहे. डागडुजी आपल्यालाच करायची. आमचा सोलापूरचा भुईकोट त्या यादीत नाही. म्हणून त्याच्या भिंतीवर कोळशाने नाव लिहावे, असे थोडेच आहे?