गाऱ्हाणी ऐकणारे बडोदे

मानवी हक्कांचे विश्लेषक हे पद आज आयोगांत, स्वयंसेवी संस्थांत आणि परदेशी वकिलातींत सर्रास आढळते. या माणसाचे काम थोडक्यात असे: कुणावर काय गुदरले त्याच्या जबान्या घ्यायच्या, त्या एकमेकींशी आणि कागदपत्रांशी ताडून पाहायच्या, आणि सुटी वाटणारी गाऱ्हाणी मिळून कारभाराची रीत बनते का, हे दाखवायचे. पद नवे असले तरी काम जुने आहे. बडोद्यात तर ते संयुक्त राष्ट्रसंघ जन्माला येण्याच्या सत्तरेक वर्षे आधी सुरू झाले. तिथपासून आजपर्यंतचा हिशेब मांडला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. काय घडले हे शोधण्यात या शहरातले ऐकणारे फारसे कमी पडले नाहीत. पण बोलून गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न प्रत्येक वेळी मोकळाच राहिला. विश्लेषकाचे काम अहवालाच्या अचूकपणावर जोखतात, ते योग्यच आहे. पण तेवढ्याने ते जोखले जात नाही, हे बडोद्याइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसेल.

खंडेराव गायकवाड १८७० मध्ये वारले आणि त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव बडोदे संस्थानच्या गादीवर आले. तीनच वर्षांत त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींचा ढीग ब्रिटिश रेसिडेन्सीत जमला. नवे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर तक्रारदारांना दार उघडे ठेवत, किंबहुना त्यांना बोलावून घेत. अखेर नोव्हेंबर १८७३ मध्ये कर्नल रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बडोद्यात येऊन बसला. जयपूर दरबारचे नवाब फैज अली खान हे त्याचे एकमेव हिंदी सदस्य. ब्रिटिश प्रजाजनांच्या तक्रारी एका यादीत आणि गायकवाडी रयतेच्या दुसऱ्या यादीत अशी विभागणी झाली. दरबारी, सरदार, सावकार, पाटील, कुणबी असे सगळे त्या याद्यांत होते. खंडेरावांच्या मर्जीतल्या लोकांना कैदेत टाकून त्यांची मालमत्ता हिरावल्याच्या, वसुलीसाठी छळ केल्याच्या, भरमसाट नजराणे उकळल्याच्या, घरंदाज बायकांना जबरीने राजवाड्यात लौंडी म्हणून नेल्याच्या तक्रारी होत्या. आजच्या अहवालात ज्यांना बेकायदा अटक, कोठडीतला छळ आणि वेठ अशी प्रकरणे मिळतील, ती जवळजवळ सगळी त्या याद्यांत होती. त्यातली शेतसाऱ्याची बाब मला सगळ्यांत बोलकी वाटते. खंडेरावांच्या काळी, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले असताना साऱ्याचे दर ठरवले गेले. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र तिथेच राहिला. सारावसुलीचा मक्ता घेतलेला इजारदार आपला हप्ता काढण्यासाठी रयतेला पिळत होता ते केवळ त्याच्या दुष्टपणामुळे नव्हे. दरच असा होता की छळाशिवाय तो वसूल होत नव्हता. छळामागचे कारण असे दिसू लागले की ते गाऱ्हाणे एकट्या कुणब्याचे उरत नाही.

यावर हरकत उघड आहे आणि ती त्या काळीही घेतली गेली. ही चौकशी इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केली. संस्थानात हात घालायला निमित्त हवे होते, ते रयतेच्या दुःखात सापडले. त्याच काळात ब्रिटिश मुलखात दुष्काळ आणि वसुली यांची काय स्थिती होती, तिथे कोणता आयोग बसला, असा प्रश्न विचारायला पुण्यातल्या सुशिक्षितांना कुणी शिकवावे लागत नव्हते. ही हरकत निम्मी मान्य करावी लागते. ऐकणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता. पण ऐकणारा स्वार्थी निघाला म्हणून सांगणारा खोटा ठरत नाही. राजवाड्यात नेलेल्या बाईचे दुःख व्हाइसरॉयच्या मनातल्या हिशेबाने कमी होत नाही. हरकतीतला खरा मुद्दा वेगळाच आहे. ज्याला निकालातून काही मिळवायचे आहे, त्याच्या हाती गाऱ्हाणी पडली की ती ज्यांची आहेत त्यांच्या हातून निसटतात.

पुढच्या दीड वर्षात नेमके तेच झाले. आयोगाच्या अहवालावर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना कारभार सुधारण्यासाठी १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. दिवाणपदी दादाभाई नवरोजी होते. त्यांची आणि फेअर यांची पहिल्यापासून जुंपलेली. रेसिडेंटच तक्रारदारांचा पाठीराखा होऊन बसल्याने कोणतीही सुधारणा रुजत नाही, असे दादाभाईंचे म्हणणे होते. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी फेअर यांची बदली मागणारा खलिता धाडला आणि ९ नोव्हेंबरला फेअर यांच्या सरबतात विष सापडले. लवकरच फेअर यांना बडोद्यातून हलवले गेले, जानेवारीत मल्हाररावांना अटक झाली. मग दुसरा आयोग बसला: अध्यक्ष सर रिचर्ड काउच, बाजूला मीड आणि मेलविल, समोर ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या वतीने वकील सार्जंट बॅलंटाइन विलायतेहून आले. तिघा इंग्रजांनी दोष सिद्ध मानला, तिघा हिंदी सदस्यांनी मानला नाही. मतांची अशी बरोबरी झाल्यावर सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभार आणि नालायकी या कारणांवर मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. रयतेच्या गाऱ्हाण्यांसाठी त्यांना दिलेली मुदत अजून आठ महिने शिल्लक होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मल्हाररावांची बाजू घेतली, मराठी लोकमत त्यांच्याकडे झुकले आणि वाद राजाच्या अपमानाचा झाला. याद्यांतला कुणबी आणि राजवाड्यातली बाई या गदारोळात कुणाच्या ध्यानातही राहिली नाहीत. सर टी. माधवराव यांच्या दिवाणगिरीत साऱ्याची आणि इजाऱ्यांची घडी बसवली गेली, हे खरे. पण ते रयतेला मिळाले ते नव्या कारभाऱ्याच्या शहाणपणामुळे. तिने साक्ष दिली होती म्हणून ते तिचे देणे ठरले नाही.

शहाणपणाने दिलेले आणि मागून मिळालेले यांतला फरक मल्हाररावांनंतर गादीवर आलेल्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत आणखी उघडा पडतो. १९०४ चा बालविवाहप्रतिबंधक कायदा, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण: हिंदुस्थानात त्या वेळी याला तोड नव्हती. याच राजाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्यतेमुळे राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी आधीच अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. दिवाणांना त्यात तातडी दिसली नाही, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. राजा उदार होता, कायदे पुढारलेले होते, पण तक्रार घेऊन जायला ठिकाण नव्हते. त्या वेळी दिवाण होते मनुभाई मेहता.

मनुभाईंच्या कन्या हंसा मेहता १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या आणि दोनच वर्षांनी बडोदे विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातून केवळ पुरुषवाचक शब्द काढायला लावणाऱ्या म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मला त्यांची दुसरी मागणी अधिक मोलाची वाटते. जानेवारी १९४७ मध्ये भारतातर्फे त्यांनी मांडलेल्या मसुद्यात हक्कभंगाच्या आरोपांची सुरक्षा समितीने चौकशी करावी आणि दाद मिळवून द्यावी, असे होते. अंमलबजावणीचा विचार करणाऱ्या जिनिव्हातल्या कार्यगटाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. आयोगाने त्याच वर्षी जाहीर केले ते नेमके उलटे: जगभरातून येणाऱ्या तक्रारींवर काहीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही. जाहीरनामा झाला, दाद राहून गेली. बडोद्याच्या दिवाणखान्यात फिरत राहिलेल्या अर्जासारखेच आता जगभरच्या अर्जांचे झाले.

मार्च १९९८ मध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी वेरियर एल्विन स्मृती व्याख्यान द्यायला बडोद्यात आल्या, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या पुरुलियातल्या बुधन शबर याच्या कोठडीतल्या मृत्यूला महिनाही झाला नव्हता. त्याच्या शबर जमातीच्या लोकांनी पोलिसांच्या डोळ्यांदेखत गवताचा पुतळा जाळला आणि खरा देह घराच्या जमिनीत पुरून ठेवला. दुसरी शवचिकित्सा होऊ शकली ती त्यामुळे. गुन्हेगार जमात म्हणून ज्यांच्यावर १८७१ च्या कायद्याने शिक्का मारला, त्या माणसांनी पुरावा राखण्याची अक्कल कोणत्या कार्यशाळेत घेतली होती? कोलकाता उच्च न्यायालयाने जुलैमध्ये केंद्रीय तपास आणि नुकसानभरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी बडोद्यातून गणेश देवी, महाश्वेता देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला, 'बुधन' नावाचे वार्तापत्र काढले आणि प्रश्न राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत नेला. इथे साक्षीदार आणि विश्लेषक यांतले अंतर बरेच मिटले होते.

२००२ मध्ये ते अंतर पुन्हा जाणवले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संघटनेची बडोदे शाखा आणि शांती अभियान यांनी त्या वर्षी शहरातल्या जातीय हिंसेवर, स्त्रियांच्या अनुभवांवर आणि गुजराती वृत्तपत्रांच्या भूमिकेवर अहवाल काढले. गावातल्याच माणसांनी, हिंसा थांबली नसताना केलेले हे काम. १ मार्चला हनुमान टेकडीवर बेस्ट बेकरीत जमावाने चौदा माणसे मारली. खटला बडोद्यातच चालला, साक्षीदार एकामागून एक उलटले आणि २७ जून २००३ रोजी एकवीसही आरोपी सुटले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला आणि तो महाराष्ट्रात चालवायला सांगितले. मुंबईत फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली, पाच जणांना सोडले. साक्षी फिरवल्याबद्दल मुख्य साक्षीदारालाच सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची कैद दिली होती. घरची माणसे गमावलेली व्यक्ती तुरुंगात जाते, तेव्हा खोटे बोलल्याची शिक्षा मिळाली एवढे म्हणून थांबता येत नाही.

असे अहवाल एकतर्फी असतात, न्यायालयात टिकत नाहीत, असा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. नागरिकांच्या अहवालाला उलटतपासणी नसते, हे कबूल. पण बडोद्यातल्या न्यायालयात ती होती, आणि तिथे दहशतीने साक्ष पुसली गेली. घटनेनंतर काही दिवसांत वेगवेगळ्या माणसांकडून घेतलेल्या नोंदी एकमेकींशी जुळत असतील, तर वर्षभराने साक्षीदार गप्प झाल्यामुळे त्या खोट्या ठरत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. विश्लेषकाने साक्षीदाराची जबाबदारी घेतली की तो त्याचा वकील होतो, आणि मग फेअरसारखी गत होते. फेअर तक्रारदारांच्या बाजूने इतके उतरले की त्यांचे खरेही लोकांना खोटे वाटू लागले. म्हणून जबानी खरी की खोटी हे ठरवताना विश्लेषकाने कुणाचीही भीड धरू नये. पण जबानी घेण्याआधी हा माणूस उद्या कुठे राहणार, कोण त्याला धमकावेल, त्याचे नाव कागदावर येणे आवश्यक आहे का, हे पाहणे ही वकिली नव्हे. तसे न पाहता घेतलेली साक्ष दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली की फिरते, आणि मग पहिल्या अहवालाचा अचूकपणाही कामाचा राहत नाही.

५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आणि संसद कायदा करेपर्यंत ती देशभर लागू केली. अर्ज आला की साक्षीदाराला किती धोका आहे याचा अहवाल मागवायचा आणि त्यावर संरक्षण द्यायचे, अशी तिची रचना आहे. हा अहवाल तयार करायचा असतो त्या भागाच्या पोलिस अधिकाऱ्याने. कोठडीत मेलेल्या माणसाच्या नातेवाइकालाही आपल्याला भीती कुणाची आहे, हे त्याच अधिकाऱ्याला सांगावे लागते.