सांताक्रूझ की सहार?

डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे न्यू जर्सीत दोनच विषय असतात: बर्फ कधी पडणार आणि भारतात कोण कधी चाललंय. आज दुसऱ्या विषयाबद्दल थोडं बोलू.

एक गोष्ट बघा. इथे कुणाला आणायला जायचं असेल तर आपण आधी विचारतो, न्यूअर्क की केनेडी? ते विचारल्याशिवाय कुणी गाडीची किल्ली उचलत नाही. पण मुंबईत उतरून पुढे नागपूर, गोवा, औरंगाबाद असं डोमेस्टिक विमान पकडायचं असलं की आपण विचारतच नाही. डोक्यात पक्कं बसलेलं असतं: सहार म्हणजे इंटरनॅशनल, सांताक्रूझ म्हणजे डोमेस्टिक. माझ्याही डोक्यात तेच होतं, आणि ते मला महागात पडलं.

२०१६ साल. नागपूरला आईची बायपास ठरली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. मी दुपारी मुंबईत उतरलो. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट दादानं काढून ठेवलं होतं. मी सवयीनं टॅक्सी केली आणि सांताक्रूझला, म्हणजे टर्मिनल १ ला गेलो. दारातल्या जवानानं तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "साहब, ये तो टी-टू का है." म्हणजे ज्या इमारतीत मी उतरलो होतो तिथूनच माझं विमान होतं! वरच्या मजल्यावर गेलो असतो तरी झालं असतं. तिकिटावर टर्मिनल स्पष्ट छापलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. दोन्ही टर्मिनलमध्ये रस्त्यानं फार तर पाचेक किलोमीटर, पण संध्याकाळची वेळ. परत पोचलो तेव्हा काउंटर बंद झालेला. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला पोचलो तेव्हा आईला ऑपरेशनला नेऊन तीन तास झाले होते. "तू आत जायच्या आधी मी असेन," असं तिला फोनवर सांगितलं होतं.

आई ठणठणीत बरी झाली, काळजी नको. पण "डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ" हे माझ्या डोक्यात एवढं घट्ट कुठून आलं, हे मी तेव्हापासून शोधत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात सांताक्रूझला नाही, जुहूला होते. १९२८ साली जुहूला विमानतळ झाला, भारतातला पहिला नागरी विमानतळ. विमानतळ म्हणायचं, पण खरं तर समुद्राजवळचं चिखलाचं मैदान. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. टाटांच्या हवाई सेवेची ती सुरुवात.

आता गंमत बघा. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. मग टाटांची मंडळी विमानं, वैमानिक, मेकॅनिक, सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला जायची आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणं करायची. म्हणजे विमान नक्की कुठून सुटणार, हा प्रश्न मुंबईकरांना पहिल्याच वर्षांपासून होता, आणि उत्तर महिन्यावर अवलंबून होतं.

जुहूपासून दोनेक किलोमीटर पूर्वेला सांताक्रूझची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिश हवाई दलाकडे होती. युद्ध संपल्यावर मोठी विमानं आली, त्यांना जुहू पुरेना, आणि प्रवासी वाहतूक सांताक्रूझला सरकली. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. (टर्मिनल १ ची इमारत प्रत्यक्षात आहे विलेपार्ल्यात. पार्लेकरांना हे एकदा सांगून बघा, पुढचा अर्धा तास तुमचा गेला.)

जुहू आणि सांताक्रूझ, दोन्हीकडे पूर्व-पश्चिम धावपट्टी, जवळजवळ एकाच दिशेची. वरून बघणाऱ्याला काय होणार? जुलै १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूलाच उतरलं. छोट्या धावपट्टीवरून ते पुन्हा उडवून न्यायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला तर लंडनहून टोकियोला निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सकाळी जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे गेलं. काही जण जखमी झाले, प्राण कुणाचे गेले नाहीत, पण विमान मोडीत काढावं लागलं. हे वाचल्यावर मला माझ्या टॅक्सीचं थोडं कमी वाईट वाटलं.

"डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ" मात्र अजून आलेलं नाही. त्याचं मूळ १९५३ मध्ये आहे. सरकारनं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. देशातल्या प्रवासासाठी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स, आणि परदेशासाठी एअर इंडिया. दोन सरकारी महामंडळं, दोन कारभार. तरी बरीच वर्षं दोघी सांताक्रूझलाच नांदल्या. १९८१ मध्ये विमानतळाच्या दुसऱ्या बाजूला, सहारला, परदेशी प्रवासासाठी नवं टर्मिनल उघडलं, आणि मग घरं वेगळी झाली. धावपट्ट्या त्याच, पण दारं दोन: एक पश्चिम द्रुतगती महामार्गाकडून, दुसरं अंधेरी पूर्वेकडून. आपले काका-मामा गल्फला किंवा अमेरिकेला निघाले की आख्खं घर टेम्पो ट्रॅव्हलर करून जायचं ते सहारला. आपल्या पिढीचा निरोप सहारचा. सांताक्रूझ हे कंपनीच्या कामानं दिल्लीला जाणाऱ्या साहेबांचं. नव्वदीत खासगी कंपन्या आल्या आणि सांताक्रूझमध्येही वन-ए, वन-बी असे वाटे पडले, पण मोठा नियम तसाच राहिला.

तो मोडला २०१४ नंतर. फेब्रुवारी २०१४ मध्ये सहारच्या जागी नवं टी-टू सुरू झालं. ते बांधतानाच आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत एकाच छपराखाली अशी आखणी होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये एअर इंडियाची देशांतर्गत विमानं तिथे गेली, २०१६ च्या मार्चमध्ये आणखी एक मोठी कंपनी. काही कंपन्या जुन्या जागी, काही नव्या, तर एकाच कंपनीची काही विमानं इकडे आणि काही तिकडे. मी त्याच वर्षी तिथे पोचलो होतो, पस्तीस वर्षं जुना नियम खिशात घेऊन.

आता तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. टी-वन आणि टी-टूमध्ये चुकलात तर टॅक्सीनं सावरता येतं. पण सहारला उतरून विमान नवी मुंबईहून असेल, तर अंतर तीस किलोमीटरच्या वर, मध्ये खाडी, आणि मुंबईचा ट्रॅफिक.

या विमानतळाबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण 'झकास नवा एअरपोर्ट' एवढंच आपल्यापर्यंत पोचतं. तिथे उलवे नदी होती, ती वळवली. उलव्याचा डोंगर होता, तो कापला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. त्याआधी नवी मुंबई शहरासाठी सिडकोनं याच उरण-पनवेल पट्ट्यातल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या होत्या. त्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले ते या आठवणीमुळे. आपल्या बोर्डिंग पासवर यातलं काही छापलेलं नसतं.

गोव्याला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. दाबोळी पोर्तुगीजांनी पन्नाशीच्या दशकात बांधला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी भारतीय हवाई दलानं त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि नंतर तो नौदलाकडे गेला. आजही तो नौदलाचाच तळ आहे, प्रवासी विमानं त्यांच्या वेळा सांभाळून ये-जा करतात. जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू आहे. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' असतं. मडगाव-वास्कोकडच्यांना दाबोळी जवळ. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याच्या मंडळींना मोपा म्हणजे जवळपास घरचंच अंगण. उलट झालं तर आख्खा गोवा आडवा पार करावा लागतो.

म्हणून शहराचं नाव वाचू नका, त्याशेजारची तीन अक्षरं वाचा. बीओएम म्हणजे जुना मुंबई विमानतळ. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं तरी कोड बॉम्बेचाच राहिला. त्यापुढे टी-वन की टी-टू ते बघा. एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जीओआय दाबोळी, जीओएक्स मोपा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघा, कारण कंपन्या टर्मिनल बदलतात आणि त्याचा ईमेल नेमका जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडतो. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये चार-पाच तास ठेवा; पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही.

नागपूरकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि सगळी नागपूरला भेटायची. मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर थैल्या आणि प्रवासी बदलले जायचे, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या घरी परत. चार विमानं, एक विमानतळ, कुणाचाही गोंधळ नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू पण टपालानंच यायचं होतंस."

तुमच्यापैकी कुणाकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातली सांताक्रूझची तिकिटं, सामानाचे टॅग किंवा निरोपाचे फोटो असतील तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. पुढच्या महिन्यात त्यावरच एक भाग करायचा विचार आहे.