बदलून मिळालेल्या वस्तूचा दोष : वणीच्या संदर्भात एक टिपण

निर्गुडा नदीच्या काठी, यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वसलेल्या वणीचे नाव वऱ्हाडातील इंग्रजी अमलात एका संपूर्ण जिल्ह्याला होते. १९०५ साली त्या जिल्ह्याची फेररचना होऊन त्याला यवतमाळ हे नाव मिळाले, परंतु जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जात असतानाही त्याची मुख्य कचेरी यवतमाळलाच होती. चंद्रपूर त्या मानाने हाकेच्या अंतरावर असले, तरी जिल्ह्याच्या कामासाठी वणीकराला शंभराहून अधिक किलोमीटरची वाट तुडवून यवतमाळच गाठावे लागते. सदोष वस्तूबद्दल दाद मागण्याच्या इतिहासात या अंतराला मोठे महत्त्व आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा उमटाव्यात, तो बदलून मिळावा आणि बदलून आलेल्या यंत्रातही काही आठवड्यांत तोच दोष दिसावा, या आजच्या तक्रारीचे उत्तर कायद्याने १९८६ सालीच दिले होते. ते वणीतल्या ग्राहकाच्या खऱ्या अर्थाने हाताशी यायला मात्र चौतीस वर्षे जावी लागली.

१९८६ पूर्वीच्या व्यवहाराचा पाया, घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा आणि घेतल्यावर कुरकुर करू नये, हा होता. गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहून, त्याला चार पावले चालवून सौदा करणाऱ्या शेतकऱ्याला हा नियम जाचक नव्हता, कारण पारख त्याच्याच हातात होती. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याने हेच तत्त्व मुळात स्वीकारून त्याला काही अपवाद जोडले. उदाहरणार्थ, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून विशिष्ट उपयोगासाठी घेतलेली वस्तू त्या उपयोगास योग्य असलीच पाहिजे. परंतु हा अपवाद अमलात आणायचा तर दिवाणी दावा लावणे भाग होते, आणि घरगुती वस्तूच्या किमतीसाठी तो खर्च व ती वर्षे कोणाला परवडणारी नव्हती.

व्यवहारात ही उणीव दुरुस्तीच्या धंद्याने भरून काढली. पिक्चर ट्यूबच्या दूरचित्रवाणी संचात चित्र उभ्या दिशेने पसरवणारा भाग निकामी झाला की काळ्या पडद्यावर मधोमध एकच तेजस्वी आडवी रेघ उरे, आणि ती पाहताच मेकॅनिकला कोणत्या भागापासून शोध सुरू करायचा हे कळे. कंडेन्सर किंवा चिप बदलून, डाग देऊन संच परत मिळे. दोष गावातच ओळखला जाई आणि गावातच दूर होई. लॅपटॉपच्या द्रवस्फटिक पडद्याने, म्हणजे काचेच्या दोन पातळ थरांमधील द्रवाच्या रेणूंची दिशा विजेने बदलून प्रकाश अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या पडद्याने, ही सोय हिरावली. त्याच्या चालक चिपा काचेच्या कडेला कायमच्या चिकटवलेल्या असल्याने तेथे बिघाड झाला की बहुधा अख्खे पॅनेलच बदलावे लागते. तरीही निदान अवघड नाही. लॅपटॉपला दुसरा पडदा किंवा टीव्ही केबलने जोडल्यावर तेथे चित्र स्वच्छ दिसले, तर दोष चित्र तयार करणाऱ्या चिपेत नसून पॅनेलमध्ये किंवा त्याच्या केबलीत असण्याचा संभव अधिक; आणि झाकण पुढेमागे करताना रेघा येत-जात असतील, तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलीचा संशय बळावतो. दोष रचनेतच असेल, तर त्याच नमुन्याचे नवे यंत्र दिल्याने तो जाणार नाही, हेही यावरून उघड होते.

ग्राहकाच्या बाजूने संघटित आवाज उठला तो महाराष्ट्रात. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी भारताचा ग्राहक संरक्षण कायदा राष्ट्रपतींच्या संमतीने अस्तित्वात आला. त्यातील कलम १४ ने ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा मंचाला दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देण्याचे अधिकार दिले. बदलून द्यायची वस्तू नवी, तशाच वर्णनाची आणि कोणताही दोष नसलेली असावी, अशी त्यात स्पष्ट अट होती. दुसऱ्यांदा रेघा दिसलेल्या लॅपटॉपच्या मालकाचा खरा आधार हीच अट आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

अर्थात वाट सरळ नव्हती. २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचेच वचन असेल तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असा निर्णय दिला. दोष म्हणायचे कशाला, हाही प्रश्न होता. पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान ठिपका म्हणजे पिक्सेल. २००१ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने दुसऱ्या वर्गाच्या पडद्यात दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन कायम उजळलेले आणि दोन कायम काळे ठिपके चालवून घेतले होते. मात्र ही सवलत ठिपक्यांपुरती होती, लुकलुकणाऱ्या पडद्याला किंवा रेघांना ती लागू करणे न्याय्य नाही. शिवाय नुसत्या पाहणीने ठरवता न येणाऱ्या दोषासाठी कायद्याने प्रयोगशाळेची तपासणी सांगितली, पण अधूनमधून येणारी रेघ नेमकी तपासणीच्या दिवशी दिसेलच असे नाही. म्हणूनच सर्व्हिस सेंटरने प्रत्येक वेळी दिलेले जॉबशीट, म्हणजे तक्रारीची आणि केलेल्या कामाची तारीखवार नोंद, आणि दोष दिसत असताना काढलेले चित्रण, यांना पुराव्यात मोठे मोल आहे.

जुन्या कायद्याची सर्वांत मोठी उणीव अंतराची होती. तक्रार विक्रेत्याच्या किंवा त्याच्या शाखेच्या ठिकाणी, अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथेच दाखल करता येई; त्यामुळे नागपूरच्या दुकानातून लॅपटॉप घेणाऱ्या वणीकराला बहुधा नागपूरच्याच मंचापुढे उभे राहावे लागे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही, म्हणजे पूर्वीच्या जिल्हा मंचाकडेही, तक्रार करण्याची मुभा दिली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ई-दाखिल ही संगणकीय सोय सुरू झाल्याने तक्रार घरबसल्या नोंदवणे शक्य झाले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची तरतूदही कायद्यात आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र कायम आहे, आणि बदलीच्या आश्वासनांत महिने घालवणाऱ्या ग्राहकाला तीच नडते.

२४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि वॉरंटीचे तपशील लोकांसमोर ठेवावेत, हा त्यामागील हेतू आहे. तो पॅनेल आणि केबलीपर्यंत पोचला, तर दुसऱ्या सदोष लॅपटॉपनंतर तिसरा मागण्याऐवजी मूळ यंत्रच वणीत दुरुस्त करून घेण्याचा पर्याय ग्राहकाला पुन्हा मिळू शकेल.