हलक्या बिटकॉइन वॉलेटचा ब्लूम फिल्टर: आकार, खोटे होकार आणि तुमची गुप्तता

परभणी असो, सेलू असो की जिंतूर, फोनवर बिटकॉइनचं वॉलेट उघडलं की काही क्षणांत शिल्लक दिसते. पण बिटकॉइनची पूर्ण खातेवही आता ६०० जीबीहून मोठी आहे. रोज दीड-दोन जीबी डेटा मिळणाऱ्या फोनवर ती उतरवायची ठरवली, तर जवळपास वर्षभर दुसरं काहीच बघता येणार नाही. शिवाय ती ठेवणार कुठे? मग फोनला तुमचे व्यवहार कळतात कसे?

एक गोष्ट आधीच वेगळी काढू. एक्स्चेंजच्या ॲपमध्ये दिसणारी शिल्लक ही त्या कंपनीच्या वहीतली नोंद असते, चाव्या तुमच्याकडे नसतात. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं, तेव्हा हा फरक अनेकांना पहिल्यांदा कळला. इथे आपण बोलतोय ते स्वतःच्या चाव्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवणाऱ्या हलक्या वॉलेटबद्दल.

हलकं वॉलेट नेमकं काय उतरवतं?

सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये आलेल्या मूळ लेखातच याचा उपाय आहे. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक तयार होतो आणि प्रत्येक ब्लॉकला फक्त ८० बाइटचं शीर्षक असतं. वर्षभराची शीर्षकं मिळून ४.२ एमबी होतात, म्हणजे एखाद्या गाण्याएवढी. वॉलेट एवढंच उतरवतं. अमुक व्यवहार अमुक ब्लॉकमध्ये आहे याचा छोटा गणिती पुरावा मिळाला की तो शीर्षकाशी ताडून बघता येतो.

अडचण पुढे आहे. माझे व्यवहार कोणते, हे पूर्ण खातेवही असलेल्या कुणाला तरी, म्हणजे एखाद्या नोडला, विचारावंच लागतं. आणि तो नोड तुमच्यासाठी अनोळखी असतो.

पोस्टमनचं उदाहरण घ्या. त्याला पूर्ण नाव-पत्ता सांगितला तर नेमकी पत्रं मिळतात, पण तुम्ही कोण हे त्याला कळतं. "४३१४०१ पिनकोडची सगळी पत्रं आणून टाक, माझी मी शोधतो" असं सांगितलं तर तुम्ही कोण ते कळत नाही, पण दारात पोती येऊन पडतात. हलक्या वॉलेटची सगळी ओढाताण या दोन टोकांमधली आहे.

ब्लूम फिल्टर कसा चालतो?

बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये ही युक्ती मांडली, तेव्हा बिटकॉइन तर सोडाच, घरोघरी कॉम्प्युटरही नव्हते. विझलेल्या दिव्यांची एक लांब माळ समजा. तुमचा पत्ता हॅश नावाच्या गणिती यंत्रातून काढला की काही आकडे मिळतात. त्या आकड्यांचे दिवे लावायचे. सगळे पत्ते असे घातले की माळ तयार. ती नोडला द्यायची.

नोड प्रत्येक व्यवहार त्याच यंत्रातून काढतो. एक जरी दिवा विझलेला सापडला तर तो व्यवहार नक्की तुमचा नाही. सगळे लागलेले असले तर "असू शकेल". दुसऱ्याच कुणाच्या पत्त्याचे दिवे योगायोगाने लागलेले निघाले, तर तो फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा होकार. करोनाच्या काळात हा शब्द आपण पुरेसा ऐकला आहे. उलटी चूक मात्र इथे होत नाही: तुमच्या व्यवहाराला फिल्टर कधीच नकार देत नाही. (नोडने मुद्दाम लपवला तर गोष्ट वेगळी.)

बिटकॉइनमध्ये ही पद्धत २०१२ च्या बीआयपी ३७ या प्रस्तावाने आली. माइक हर्न आणि मॅट कोरॅलो हे त्याचे लेखक. फिल्टरची कमाल मर्यादा ३६,००० बाइट ठरली.

आकार आणि खोटे होकार यांचा हिशेब

नियम सरळ आहे. खोटे होकार १ टक्का चालणार असतील तर प्रत्येक नोंदीमागे सुमारे ९.६ दिवे लागतात, ०.१ टक्का हवे असतील तर १४.४. म्हणजे खोटे होकार दहापट कमी करायला जागा फक्त दीडपट लागते. ३६,००० बाइटमध्ये ०.१ टक्क्याने २०,००० नोंदी मावतात. वीस पत्त्यांच्या साध्या वॉलेटला तर ३६ बाइट पुरतात, म्हणजे एका छोट्या एसएमएसपेक्षाही कमी.

मग प्रश्न कसला? इथे खोटा होकार हा नुसता दोष नाही, तो तुमचा बुरखा आहे. एकूण १ कोटी पत्ते आहेत असं धरू. ०.१ टक्क्याच्या फिल्टरला त्यातले १०,००० जुळतील आणि त्यांत तुमचे वीस लपतील. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात दोन ठिकाणी घात होतो.

पहिला घात अर्धवट भरलेल्या फिल्टरचा. वॉलेट पुढच्या पत्त्यांसाठी जागा राखून ठेवतं, नाहीतर दर नव्या पत्त्याला नवा फिल्टर पाठवावा लागेल. समजा १०० नोंदी आणि ०.१ टक्का धरून माळ बनवली: सुमारे १,४३८ दिवे, प्रत्येक नोंदीला दहा. पण घातल्या फक्त २० नोंदी. मग जेमतेम १३ टक्के दिवे लागतात. परक्या पत्त्याचे दहाच्या दहा दिवे त्यांतच सापडण्याची शक्यता ०.१ टक्का राहत नाही, ती ७० कोटींत एक इतकी खाली येते! १ कोटी पत्त्यांतला एकही परका जुळणार नाही. जे जुळले ते तुमचेच. बुरखा अंगावर आहे असं वाटत राहतं, पण तो नसतोच.

दुसरा घात दोन फिल्टरांचा. ॲप पुन्हा सुरू झालं आणि नव्या यादृच्छिक आकड्याने नवा फिल्टर बनला, तर त्यालाही १०,००० परके जुळतील, पण वेगळे. दोन्ही फिल्टर एकाच फोनचे आहेत हे कळलं, तर दोन्हींत येणारे परके उरतात सुमारे दहा. तिसरा फिल्टर मिळाला की बहुधा एकही नाही. तुमचे वीस मात्र तिन्हींत असतात.

आर्थर गेर्व्हे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हेच प्रत्यक्षातल्या वॉलेटवर दाखवलं: वीसपेक्षा कमी पत्ते असलेल्यांचे जवळपास सगळे पत्ते उघडे पडू शकतात. म्हणजे आपल्यासारखे साधे वापरणारेच.

नोडचीही तक्रार होती. कुणीही फिल्टर पाठवून त्याला जुने ब्लॉक चाळत बसवू शकत होतं. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये बिटकॉइन कोअरच्या ०.१९ आवृत्तीत ही सेवा मुळातच बंद ठेवली गेली. हवी असेल त्याने स्वतः सुरू करायची.

उलटा फिल्टर

पुढची कल्पना साधी आणि माझ्या मते जास्त शहाणपणाची: फिल्टर वॉलेटने देऊ नये, नोडने द्यावा. २०१७ च्या बीआयपी १५७ आणि १५८ मध्ये नोड प्रत्येक ब्लॉकचा आटोपशीर फिल्टर बनवतो, सगळ्यांना तोच. फोन तो उतरवून आपले पत्ते घरच्या घरी ताडतो. जुळलं तर अख्खा ब्लॉक मागवतो. नोडला कळतं ते एवढंच की अमुक ब्लॉक मागवला. त्यातला कोणता व्यवहार तुमचा, हे नाही.

इथे खोट्या होकाराचं प्रमाण ७,८४,९३१ मध्ये एक इतकं ठरवलं आहे. किंमत नोंदीमागे साधारण २१ बिट. ब्लॉकमध्ये ८,००० नोंदी धरल्या तर फिल्टर सुमारे २० केबीचा, दिवसाला ३ एमबी, वर्षाला १ जीबीच्या आसपास. पन्नास पत्ते असतील तर वर्षाच्या ५२,५६० ब्लॉकांपैकी तीन-चार उगाच उतरवले जातील. हजार पत्ते असतील तर ६७.

फिल्टर एक बिटाने बारीक केला तर? याच हिशेबाने वर्षाला सुमारे ५२ एमबी वाचतात, पण खोटे होकार दुप्पट होतात. ब्लॉक दीड एमबीचा धरला तर पन्नास पत्तेवाल्याला जास्तीचा भुर्दंड फक्त ५ एमबी, हजारवाल्याला १०० एमबी. दोन्ही बाजू सारख्या होतात ५०० पत्त्यांच्या आसपास. म्हणजे ठरलेला आकार मोठ्या वॉलेटला जास्त सोयीचा आहे, छोट्याला थोडा महाग पडतो. पण सगळ्यांना एकच फिल्टर हीच तर यातली गुप्तता, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या मापाचा शिवून मिळत नाही.

वॉलेट घेताना काय बघाल?

इलेक्ट्रमसारखी काही वॉलेट फिल्टर वापरतच नाहीत. पत्त्यांचे हॅश थेट सर्व्हरला विचारतात. वेगवान आहे, पण सर्व्हरला तुमचे सगळे पत्ते एकत्र दिसतात. सर्व्हर स्वतःचा असेल तर हरकत नाही.

आटोपशीर फिल्टरवर चालणारं वॉलेट जुन्या शब्दांच्या यादीवरून परत उभं करताना ते कधी बनवलं होतं हे विचारलं जातं. ती तारीख लिहून ठेवलेली असू द्या. २०२३ चं वॉलेट असेल तर तिथपासूनचे फिल्टर पुरतात. तारीख माहीत नसेल तर फोन २००९ पासूनचे सगळे उतरवत बसतो, आणि ते वाय-फायवर केलेलं बरं.